नासलेल्या पिंपांची वही

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. पुढून उघडली तर २०१० सालच्या द्राक्षबागेच्या फवारण्या लिहिलेल्या दिसतील. तारीख, औषध, शंभर लिटरला किती. तीच वही मागून उघडली तर दुसराच हिशोब निघतो. दोन हंगामांत मी घरी वाईनच्या पाच खेपा लावल्या होत्या, त्याचा तो हिशोब. पाचांतल्या चार वाया गेल्या.

परवान्याशिवाय घरी दारू करणं हा गुन्हा आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आता त्याला महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, तो द्राक्षाच्या पिंपालाही लागतो आणि मोहाच्या भट्टीलाही. मी थेंबभर विकली नाही, पण गुन्हा तो गुन्हाच. शिवाय मी दारूची भलावण करायला बसलेलो नाही. आमच्या धाकट्या चुलत्याला दारूनंच नेलं. हे लिहितोय ते आमच्या आत्यापायी. तिचा ह्या पिंपांशी काय संबंध, ते पुढं येईल.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात, पार पश्चिमेच्या टोकाला. गावाच्या उगवतीला द्राक्षबागा, मावळतीला पेठचे डोंगर सुरू होतात आणि बांधाबांधावर मोहाची झाडं. म्हणजे एका गावात दोन्ही प्रकारची आंबवण. एक जुनी, चोरून चालणारी. दुसरी नवी, सरकारनं हाताला धरून आणलेली. २००१ साली सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण काढलं, विंचूरला वाईन पार्क झालं, आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात वाईन पाहिली नव्हती ते आमच्यासारखे शेतकरी शिराज, कॅबरने, शेनिन ब्लांक असं बोलायला लागले. मी २००५ मध्ये दीड एकर शिराज लावली. एका वायनरीशी करार होता. पहिले दोन हंगाम पैसे वेळेवर आले. मग २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या त्या भरलेल्याच राहिल्या. २०१० च्या जानेवारीत घड काळे पडले, ब्रिक्स मीटरवर तेवीसचा आकडा दिसला, तरी गाडी येईना. फोन केला तर म्हणाले, टाकीत जागा नाही.

वाईनचं द्राक्ष म्हणजे दुसऱ्या कशाच्या कामाचं नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारात खायला कोणी घेत नाही आणि बियांमुळं बेदाणाही होत नाही. पाखरं तेवढी खूश. तेव्हा मनात आलं, आपल्या मालाची वाईन निदान लागते तरी कशी ते बघू. पाच वर्षं आपण फक्त द्राक्ष देत होतो, चव कधी घेतलीच नव्हती.

२ फेब्रुवारीला चाळीस किलो घड तोडले. काड्या काढल्या, हातानं कुस्करले आणि पाण्याच्या पिंपात भरले. (फवारणीचं पिंप नव्हे. एवढी अक्कल होती.) वरून धोतराचं फडकं बांधलं. तिसऱ्या दिवशी पिंप बोलायला लागलं. कान लावला तर तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चुरचुर चुरचुर. सालं वर येऊन हातभर थर झाला. तो सकाळ-संध्याकाळ हातानं खाली दाबायचो. आठव्या-नवव्या दिवशी जिभेवर गोडी उरली नाही. रस गाळून त्याच पिंपात ठेवला. पिंप पन्नास लिटरचं, रस पंचवीस लिटर. वरचं अर्धं रिकामं. फडकं पुन्हा बांधलं आणि बागेच्या कामाला लागलो.

महिन्यानं उघडलं तर तोंडावर चिलटांचा ढग आला आणि नाकात अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. दारू नव्हतीच ती. सिरका झाला होता.

त्या दिवशी मी जे केलं ते वहीत नाही, इथं लिहितो. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी मंडळींना विचारलं, "तू अडचणीची असताना त्या खोलीत गेली होतीस का?"

ती भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही. म्हणाली, "पिंपावर फडकं तुम्ही बांधलं, रोज हात तुम्ही घातला, वास तुम्ही घेतला. मी आत कशाला जाऊ?" भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि मग माझ्याकडं न बघता बोलली, "आत्याबाईंना पण असंच म्हणायचे ना तुमच्यात?"

दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं.

आत्याचं असं. ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. लग्न झाल्यावर दीड वर्षात नवरा वारला, आणि सासरच्यांनी तिला आमच्याकडं आणून सोडली. मला कळायला लागलं तेव्हा ती चाळिशीला आली होती. घरातली सगळ्यात कामाची बाई ती. गोठा, जळण, दळण, आम्हा पोरांची अंघोळ, सगळं तिच्याकडं.

१९६९ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा. वैशाखात धाकट्या चुलत्याचं लग्न धरलं होतं. त्या वेळी आमच्याकडं लग्न म्हणजे मोहाची पाहिजेच. पाहुण्यांपुढं नाही ठेवली तर नाव जायचं. फाल्गुन-चैत्रात पहाटे पहाटे फुलं पडतात. आम्ही पोरं नि बायका अंधार असतानाच टोपल्या घेऊन झाडाखाली जायचो. झाडाखाली पिवळट गालिचा, आणि वास असा की पोटातच गोड वाटावं. त्या वर्षी पाच पायली वाळली फुलं आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, लग्नासाठी बाजूला काढली होती. फुलं पाण्यात भिजवायची, मागच्या वेळचा गाळ विरजणासारखा घालायचा, मडकी ऊब धरायला उकिरड्यात पुरायची, आणि सडवा तयार झाला की भट्टी लावायची. हे काम आबांचं. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं.

त्या वेळी सडवा बिघडला. पाचव्या दिवशी आबांनी तोंड उघडलं तर नेहमीचा उग्र-गोड वास नाही. आंबट ढाण. तरी त्यांनी भट्टी लावली. धार लागली ती पाण्यासारखी. पहिली धार वाटीत घेऊन काडी लावून बघायची असते, निळी पेटली तर खरी. आबांनी तीन काड्या ओढल्या, पेटली नाही. मी तिथंच ओहोळाच्या दरडीवर बसलेलो होतो. आबांचं तोंड मला अजून दिसतं. ते उठले, घरी आले आणि अंगणातूनच ओरडले, "ही अवदसा ओहोळावर गेली व्हती का नाही? सांगा!"

आत्या त्या दिवसांत गुरं पाजायला ओहोळावर गेलेली होती. रोजच जायची. पण विधवेची सावली पडली, सडवा नासला, झालं. लग्नाच्या दिवशी आबांनी दुसऱ्या गावाहून विकत आणली आणि वरातीत लोक काय ते बोललेच. आत्या लग्नात दिसली नाही. दिवसभर गोठ्यामागं भांडी घासत होती. त्यानंतर घरात काहीही नासलं की ते तिच्या नावावर जायला लागलं. दूध फाटलं, आत्या. कैरीच्या लोणच्याला बुरा आला, आत्या. कुरडयांच्या चिकाला वास आला, आत्या. पुढं पुढं तिनं बरणीच्या खोलीत पाऊल टाकणंच सोडलं. लोणचं वाढून घ्यायचं असलं तरी दारातून हाक मारायची, "बाई, एक फोड द्या."

हे चाळीस वर्षं मी बघत आलो होतो. आणि पहिल्या नासलेल्या पिंपाबरोबर माझ्या तोंडातून तेच निघालं.

मी दहावी १९७६ ला पास झालो. तेव्हाचे आमचे सायन्सचे सर दिंडोरीलाच स्थायिक आहेत. एका रविवारी पाण्याच्या बाटलीत तो सिरका घेऊन त्यांच्याकडं गेलो. सरांनी वास घेतला आणि हसले. म्हणाले, "तू एकटा नाहीस रे. फ्रान्समध्ये एका कारखानदाराचं हेच झालं होतं." आणि त्यांनी मला पाश्चरची गोष्ट सांगितली. शाळेत आम्ही पाश्चर म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याची लस, एवढंच शिकलो होतो.

फ्रान्सच्या उत्तरेला लील नावाचं शहर आहे. तिथं १८५६ साली बिगो नावाचा कारखानदार बिटाच्या रसापासून अल्कोहोल करायचा. त्याची पिंपं नासायला लागली. त्याचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी. पाश्चर कारखान्यात गेला, चांगल्या पिंपातला आणि नासलेल्या पिंपातला थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. चांगल्यात गोल गोल पेशी, ते यीस्ट. नासलेल्यात त्या गोल पेशी मागं पडलेल्या आणि त्यांच्या जागी बारीक बारीक काड्या वळवळताना. आणि आम्ल कुठलं, तर दूध आंबल्यावर होतं तेच. तोवर मोठमोठे रसायनशास्त्री म्हणायचे की आंबणं म्हणजे पदार्थ आपोआप कुजतो, त्यात जिवंत असं काही नाही. पाश्चरनं १८५७ मध्ये निबंध वाचला तो ह्या दुधाच्या आम्लावरच. ज्याचा त्याचा जीव वेगळा, आणि जो जीव आत शिरेल तो आपलं काम करेल.

"तुझ्यात शिरला तो तिसराच," सर म्हणाले. "व्हिनेगरचा. त्याला हवा लागते. दारू करणाऱ्या यीस्टला नंतर हवा लागत नाही. अर्धं पिंप रिकामं ठेवून तू त्याला घर बांधून दिलंस. चिलटं त्याला पायाला लावून घेऊन येतात."

मी विचारलं, "म्हणजे कोणाचा हात लागला म्हणून...?"

"घाण हात असला तर लागला," सर म्हणाले. "तुझा धुतलेला होता का?"

मी बागेतून येऊन तसाच हात घालत होतो.

इथं थोडं थांबतो, कारण आबांबद्दल माझ्या मनात राग आहे असं वाटेल. राग आहे, पण त्यांच्यावर एकट्यावर नाही. आबा जन्मले तेव्हा मोहावर साहेबाची नजर पडून बरीच वर्षं झाली होती. १८७८ चा अबकारी कायदा झाला आणि दारू ही सरकारी उत्पन्नाची बाब झाली. मक्तेदार, ठेकेदार आले. घाटाखाली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा केला. फुलं गोळा करणं, जवळ बाळगणं, विकणं ह्यावरच बंधन. लोक म्हणत होते की आम्ही ही फुलं खातो, दुष्काळात ह्याच्यावर जगतो, गुरांनाही घालतो. सरकारला त्यात फक्त चोरटी दारू दिसली. मग स्वातंत्र्य आलं आणि १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली. हेतू चांगला होता, मी नाही म्हणत नाही. आमच्या चुलत्याकडं बघून तर मुळीच नाही म्हणत नाही. पण दारू बंद झाली नाही. ती घरातून उठून ओहोळात गेली, दिवसाची रात्री गेली. २०२१ मध्ये सरकारनं मोहफुलं गोळा करायला, साठवायला मोकळीक दिली, तेव्हा आबांना जाऊन तीस वर्षं झाली होती.

आणि चोरून केलेल्या कामाची वही नसते. मडकी किती, पाणी किती, ऊन किती, कधी उघडलं, काय वास आला, हे कोण लिहिणार? चार लोकांत बसून "माझा सडवा नासला, तुझा का नाही नासला?" असं कोण विचारणार? जमलं तर हाताचं कसब, बिघडलं तर कोणाची तरी सावली. यापलीकडं जायला आबांना वाटच नव्हती. तिकडं पाश्चर १८७१ मध्ये लंडनच्या एका मोठ्या बिअरच्या कारखान्यात गेला, त्यांचं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि तोंडावर सांगितलं की ह्यात खोट आहे. आठवडा झाला नाही तोवर परत गेला, तर मालकांनी स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत आणून ठेवला होता. पुढं १८७६ मध्ये त्यानं बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यातला मोठा भाग बिअर नासते कशानं यावरच आहे. कारखानदारांना आपली नासकी बिअर परक्या माणसाला दाखवायची लाज वाटत नव्हती असं नाही. पण ती दाखवल्याबद्दल पोलीस पकडत नव्हते.

तर सरांनी मला सांगितलं, लिही. म्हणून मी वही मागून सुरू केली.

दुसरी खेप ६ मार्चची. हवा बंद करायची म्हणून पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार घेतला, गळ्यापर्यंत भरला, बुचाला भोक पाडून सलाईनची नळी घातली आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. आतला वायू बुडबुड करत बाहेर, बाहेरची हवा आत नाही. मला वाटलं, जिंकलं. चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले. चव बघितली तर अर्धवट गोड, अर्धवट कसली तरी. आठ दिवसांनी त्याला उंदराच्या बिळासारखा वास. सरांनी विचारलं, जार कुठं ठेवला? ठेवला होता पत्र्याच्या शेडमध्ये. दुपारी दोनला तिथं थर्मामीटर लावला तर ३९. आंबताना आतली उष्णता वेगळीच. यीस्ट उष्म्यानं मेलं आणि रिकाम्या घरात दुसरेच भाडेकरू शिरले.

ही चूकसुद्धा जुनीच. जर्मनीत बव्हेरिया म्हणून मुलूख आहे. तिथल्या ड्यूकनं १५५३ मध्ये हुकूम काढला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायचीच नाही. उन्हाळ्यातली नासते, एवढं त्यांना कळलं होतं. का नासते, ते कळायला पुढं तीनशे वर्षं गेली. तरी त्यांनी कोणाच्या सावलीचं नाव न घेता उन्हाळ्याचं घेतलं. हे मला आवडलं.

तिसरी खेप जुन्या घराच्या माजघरात. मातीच्या जाड भिंती, जाराभोवती ओली गोणपाटं. उष्णता आटोक्यात, बुडबुडे चांगले दोन आठवडे चालले. आणि उघडलं तर सडक्या अंड्याचा वास. मी सुन्न. हवा नाही, ऊन नाही, हात साबणानं धुतलेले, जार उकळत्या पाण्यानं... नाही, जार प्लास्टिकचा, कोमट पाण्यानं धुतला. मग हे कुठून आलं? सर म्हणाले, "हा वास गंधकाचा. शाळेत प्रयोगशाळेत यायचा तो. गंधक कुठून आला ते तू सांग." मी वही उलटी केली आणि पुढून उघडली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात भुरी दिसली म्हणून मीच गंधकाची फवारणी केली होती. तोडणीला थोडेच दिवस उरलेले. सालीवरचा गंधक रसात गेला आणि यीस्टनं त्याचा तो वायू केला. वहीच्या एका बाजूला रोग होता, दुसऱ्या बाजूला त्याचं कारण, आणि दोन्ही अक्षर माझंच. खरं सांगतो, त्या दिवशी मला नासलेल्या जाराचं काही वाटलं नाही. बागेच्या कामात तीस वर्षं मी एवढा कोड्याचा उलगडा झाल्यासारखा खूश झालेलो नव्हतो.

चौथी खेप पुढच्या वर्षी, २०११ च्या फेब्रुवारीत. बाग ठेवून खर्च निघत नव्हता, पण उपटायला मन होईना. त्या वेळी सरांनी नाशिकहून वाईनचं खास यीस्ट मिळवलं. त्याचीही एक गोष्ट आहे, थोडक्यात सांगतो. डेन्मार्कमध्ये कार्ल्सबर्ग नावाची बिअरची कंपनी, त्यांच्या प्रयोगशाळेत हान्सेन नावाचा माणूस. त्यानं १८८३ मध्ये यीस्टची एकेक पेशी वेगळी करून शुद्ध वाण वाढवला, म्हणजे बेण्यातलं तण काढल्यासारखं. आणि मालकानं तो वाण स्वतःपाशी न ठेवता दुसऱ्या कारखान्यांनाही देऊन टाकला. शेतकऱ्यानं शेजाऱ्याला बियाणं द्यावं तसं. तर यीस्ट चांगलं, रस चांगला, सगळं चांगलं. घाई माझी. जिभेवर बारीक गोडी होती तरी बाटल्यांत भरून बुचं मारली. तिसऱ्या रात्री माजघरात फाटफाट आवाज. आई उठून बसली, तिला वाटलं छत आलं खाली. सहा बाटल्या फुटल्या होत्या आणि भिंतीवर असा डाग पडला की पुढं दिवाळीला दोनदा पोतेरं फिरवूनही गेला नाही.

पाचवी जमली. बरी होती. इतकंच. मंडळींनी घोटभर घेतली आणि म्हणाली, "एवढ्यासाठी?" एप्रिलमध्ये मी शिराज उपटली आणि थॉमसन लावली. पुन्हा कधी पिंप लावलं नाही.

आत्या तेव्हा ऐंशीला टेकलेली होती. डोळे गेलेले, कान शाबूत. बाग उपटली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी तिच्या खाटेजवळ वही घेऊन बसलो. कसं सुरू करावं ते कळत नव्हतं. तिला पाश्चर सांगितला, काड्यांसारखे जंतू सांगितले, माझी चारही पिंपं सांगितली. हवा, उष्णता, गंधक, घाई. बाटल्या फुटल्याचं ऐकून ती हसली. मग म्हणालो, "आत्या, ते लग्नातलं. तुझ्यामुळं नव्हतं ते. कोणाच्या सावलीनं काही नासत नाही."

ती बराच वेळ गप्प. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं होतं?"

"अरं, त्या राती तलाठ्याच्या गड्यानं निरोप आणला, उद्या झडती हाये म्हणून. घरात पाच पायली फुलं. आबांनी तशाच अंधारात मडकी हालवली. तीन पायजे व्हती, एक तडकलेलं निघालं. मंग पडवीतलं ताकाचं मडकं उचललं त्यांनी. म्या सांजचंच ताक वतून ठिवलेलं, धुयाचं व्हतं ते. त्यातच आधी गाळ कालवला आन् मंग तिन्हीत वाटला. म्या पडवीतच निजलेली, समदं बघितलं."

मी वहीकडं बघत राहिलो. ताक. दूध आंबल्यावर होतं तेच आम्ल, त्याच काड्या. लीलच्या बिगोला जे कळायला पाश्चर लागला, ते आमच्या पडवीत निजलेल्या बाईला त्याच रात्री दिसलं होतं. पाश्चर तिला ठाऊक नव्हता, पण ताकाच्या मडक्यात दुसरं काही ठेवलं की ते आंबतं हे तिला दररोज घुसळताना कळत होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"सकाळी बाईला म्हणलं. बाई म्हणली, गप ऱ्हा, आबांच्या हाताला खोट लावती का?" बाई म्हणजे आजी. "आन् नासल्यावर बोलले आसते, तर म्हणले आसते, नासवलं आन् वरून त्वांड करती."

"चाळीस वर्षं तू बरणीला हात लावला नाहीस."

"लावून काय करायचं व्हतं? बुरा आला की परत मीच." तिनं हात पुढं करून वही चाचपली. "हे समदं लिवलंय व्हय यात? कंच्या पिंपाला काय झालं ते?"

"हो."

"मंग ते बी लिव."

मी तिथंच, तिच्यापुढं बसून, पहिल्या खेपेच्या वर उरलेल्या जागेत लिहिलं. १९६९, चैत्र. मोह पाच पायली, मडकी तीन. ताकाचं मडकं न धुता वापरलं. घाई, झडतीच्या भीतीनं. वास आंबट. धार पेटली नाही. मग तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गाळ आधी त्यात कालवला, ते ऱ्हायलं." तेही घातलं.

मग तिनं विचारलं, ते पहिलं आंबलेलं पिंप फेकून दिलं का? मी म्हणालो, नाही, कोपऱ्यात आहे, पंचवीस लिटर सिरक्याचं काय करायचं ते सुचत नव्हतं. "अरं, कांदे घाल त्यात, मिरच्या घाल," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मंडळींनी बारके कांदे सोलले आणि बरणी आत्याच्या खाटेवरच नेऊन ठेवली. आत्यानं हात धुऊन घेतले, पदराला पुसले आणि एकेक कांदा चाचपून बरणीत टाकला. मीठ किती ते तिनंच सांगितलं. पुढची दोन वर्षं आमच्याकडं जेवायला आलेल्या प्रत्येकाच्या ताटात तो कांदा पडत होता.